"बंद पडता कामा नये" म्हणजे नक्की किती? (आंब्याच्या सीझनआधीचा प्रश्न)

कातळावरचा (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी, विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी धागा हलवावा.

मी सॉफ्टवेअरवाला, लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आलो तो परत गेलोच नाही. आम्ही चौघं मिळून छोटी कामं घेतो. आता एका बागायतदार संघाचं काम आलंय, त्यांची पाच आंबा खरेदी केंद्रं आहेत. बागेतून क्रेट येतात, काट्यावर वजन, प्रतवारी, बागायतदाराला पावती, संध्याकाळी गाडी भरून वाशीला नाहीतर कॅनिंगला, आणि आठवड्याने पैसे खात्यात. आत्ता हे सगळं कार्बनच्या पावतीपुस्तकावर चालतं.

पहिल्या मीटिंगला अध्यक्षांना विचारलं की सिस्टीम किती वेळ चालू असायला हवी, तर ते म्हणाले, "म्हणजे काय? बंद पडता कामा नये." मी वहीत '२४ तास' लिहून घरी आलो आणि आता त्या दोन शब्दांवरून डिझाईन काय करू ते कळेना. पुण्याचा माझा जुना सीनियर म्हणतो ९९.९९ टक्के वेळ चालू असं धर, दोन रीजन (दोन वेगळ्या ठिकाणचे सर्व्हर) घे, डेटाबेसची रेप्लिका (जुळी प्रत) ठेव, लोड बॅलन्सर (सर्व्हरांत काम वाटून देणारा) लाव. पार्टनर म्हणतो आधी बनव, चालायला लागलं की अव्हेलेबिलिटीचं (किती टक्के वेळ चालू राहतं त्याचं) बघू. सीनियरचं ऐकलं तर पैसे आमच्याच खिशातून जाणार आणि पार्टनरचं ऐकलं तर मे महिन्यात संघवाले आम्हालाच आढीत घालणार.

तुम्ही लोक डिझाईनच्या आधी हे कसं ठरवता, कोणाला काय विचारता? सीझन तोंडावर आहे, मोहोर चांगला आलाय.

गणिताचा_मास्तर (चिपळूण)
आधी आकडे समोर ठेवू, म्हणजे कोण काय मागतंय ते कळेल. ९९ टक्के म्हणजे वर्षाला साडेतीन दिवसांपेक्षा जास्त बंद. ९९.९ म्हणजे पावणेनऊ तास. ९९.९९ म्हणजे साधारण ५२ मिनिटं. ९९.९९९ म्हणजे सव्वापाच मिनिटं, आणि सव्वापाच मिनिटांत झोपेतून उठलेला माणूस लॅपटॉपचा पासवर्डसुद्धा धड टाकत नाही, म्हणजे तिथे माणसाचं कामच नाही, सगळं आपोआप सावरलं पाहिजे. तुमच्या सीनियरने ९९.९९ म्हणताना ५२ मिनिटं डोळ्यासमोर आणली होती का ते विचारा.

आणि वर्षाची सरासरी तुमच्या कामाची नाहीच. पावणेनऊ तास जुलैत गेले तर कुत्रं विचारणार नाही. अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी गेले तर? कागदावर दोन्ही ९९.९ च.

भाट्याचा_वारा
९९.९? आमच्या वाडीत लाईटचं ९५ भरलं तरी गणपतीला नारळ फोडीन.

गणिताचा_मास्तर (चिपळूण)
९५ म्हणजे वर्षाला १८ दिवस अंधार हो. निसर्ग वादळाच्या वेळी, जून २०२० ला, दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांनी एका दमात त्याहून जास्त काढले. नारळ तयार ठेवा.

साधा_सरळ (पनवेल)
पाच केंद्रं, दिवसाला फार तर काही शे पावत्या. एक बरा सर्व्हर भाड्याने घ्या, रोज रात्री बॅकअप, तो बॅकअप महिन्यातून एकदा खरंच परत चढवून बघा, संपलं. क्लाऊडवरचा एक साधा सर्व्हरसुद्धा तुमच्या केंद्रावरच्या नेटपेक्षा दसपट भरवशाचा असतो. मी पंधरा वर्षं या धंद्यात आहे, छोट्या सिस्टीम हार्डवेअरने कमी पडतात आणि शुक्रवारी संध्याकाळी केलेल्या डिप्लॉयमेंटने (नवा कोड चढवण्याने) जास्त. पार्टनर बरोबर बोलतोय, आधी बनवा.

ओसरीवरून (कुडाळ)
साधा_सरळ, सर्व्हरबद्दल पटलं पण "आधी बनवा" नाही पटलं, त्यावर खाली लिहिते.

कातळावरचा, तुम्ही प्रश्नच चुकीच्या पद्धतीने विचारलात, राग मानू नका. "किती वेळ चालू हवी" असं विचारलं की प्रत्येक जण "कायम" म्हणणार, त्याला काय पैसे पडतात. मी एका हॉस्पिटलच्या सिस्टीमवर होते तेव्हा आम्हीही तेच केलं होतं, सगळ्या डिपार्टमेंटने २४ तास लिहून दिलं. मग आमच्या बाईंनी (टीम लीड होत्या, आधी नर्सिंगमध्ये होत्या) सगळ्यांना एकेकटं गाठून दोनच प्रश्न विचारले. बंद पडलं तर पहिल्या पाच मिनिटांत कोण ओरडेल? आणि ओरडून झाल्यावर ते लोक काय करतील?

कॅज्युअल्टीवाले म्हणाले आम्ही काय थांबणार नाही, केसपेपर हाताने करू, पण पेशंटची आधीची अ‍ॅलर्जी दिसली नाही तर लफडं. म्हणजे त्यांना नोंद करणं बंद पडलेलं चालत होतं, वाचणं बंद पडलेलं चालत नव्हतं. फार्मसीचं नेमकं उलटं. आणि अकाउंट्स, जे सगळ्यात मोठ्याने २४ तास म्हणत होते, ते महिनाअखेर सोडली तर दोन दिवस आरामात थांबू शकत होते. एका सिस्टीमचे चार वेगवेगळे आकडे निघाले आणि महागडी व्यवस्था फक्त एका कोपऱ्याला करावी लागली.

तुमच्याकडे वजन-पावती, गाडी भरणं, पैसे, रिपोर्ट ही चार वेगळी कामं दिसतायत. चारही जणांना वेगवेगळं भेटा, अध्यक्षांना नको. अध्यक्ष काट्यावर बसत नाहीत.

घाटी_जावई (कोल्हापूर)
"अध्यक्ष काट्यावर बसत नाहीत" हे कुठल्याही संघाच्या भिंतीवर चालेल.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
दोन घेतले की भरवसा वाढतो असं सगळे म्हणतात, त्याची माझी गोष्ट. गणितात ९९ टक्केवाल्या दोन वस्तू शेजारी शेजारी लावल्या की ९९.९९ येतं, कारण दोन्ही एकदम पडायची शक्यता शंभरात एकचा शंभरावा भाग. आम्ही ऑफिसात अगदी तसंच केलं होतं. दोन कंपन्यांचं नेट, दोन यूपीएस, दोन सर्व्हर, शिवाय जनरेटर. २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि ते सगळंच्या सगळं तळमजल्यावर होतं. जनरेटरच्या टाकीचं झाकण दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या गॅलरीत मिळालं. दोन कंपन्यांच्या फायबरचं तर हसूच येतं, दोन्ही केबली एकाच खांबावरून आल्या होत्या आणि तो खांबच आडवा. कागदावरचं गणित चूक नव्हतं, ते "दोघं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत" या अटीवर बरोबर होतं आणि ती अट कोणी खांबापर्यंत जाऊन बघितली नव्हती.

तेव्हा काहीही दोन घेण्याआधी त्या दोघांना एकदम मारणारी गोष्ट शोधा. एकच खांब, एकच मजला, एकच पासवर्ड माहीत असलेला एकच माणूस. माहितीच्या बाबतीत आम्ही वाचलो कारण आमच्या कॅशियरला रोज रात्री पेनड्राईव्ह घरी न्यायची खोड होती आणि ते खेंडीच्या बाजूला वरच्या मजल्यावर राहतात.

माडाखालचो (मालवण)
माका ह्यातला काय्येक कळूक नाय, पण जनरेटर खाली ठेवूचो नाय ह्या मात्र कळला. बाकी आंबो म्हणशात तर देवगडचोच.

भाट्याचा_वारा
आलं का देवगड. माडाखालचो, पावसच्या आंब्याची साल पातळ असते म्हणून तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत टिकत नाही, त्यात आंब्याचा काय दोष.

माडाखालचो (मालवण)
साल पातळ ती आमच्याच आंब्याची! उलटा सांगतास. तुमचो रत्नांग्रीचो आंबो साल जाड म्हणान टिकता, चवीन न्हय.

अ‍ॅडमिन
हापूसचा धागा वेगळा आहे, तिथे ४०० प्रतिसाद झालेत आणि निकाल लागलेला नाही. इथे नको.

जुना_पाणकोळी (हर्णे)
मी टेलिकॉममधून रिटायर झालो. आमच्या वेळचं अव्हेलेबिलिटीचं सूत्र अजून चालतं. दोन बिघाडांमधला सरासरी काळ भागिले, तोच काळ अधिक दुरुस्तीचा काळ. लोक नेहमी बिघाड कमी करायच्या मागे लागतात, दुरुस्तीच्या वेळेकडे कोणी बघत नाही. समजा वस्तू सहा महिन्यांतून एकदा बिघडते. दोन तासांत सुरू केलीत तर ९९.९५ टक्के. पण माणूस पुण्याहून यायचाय, कुंभार्ली घाटात दरड आलीय, पार्ट कोल्हापूरला मिळतो, दोन दिवस लागले, की तीच वस्तू ९८.९ वर. वस्तू बदलली नाही, अंतर बदललं.

म्हणून कोकणात डिझाईन करताना पहिला प्रश्न, दुरुस्त कोण करणार आणि तो कुठे राहतो. केंद्रावर एक जास्तीचा टॅब्लेट आणि एक जास्तीचा प्रिंटर कपाटात तयार ठेवणं हे तुमच्या दुसऱ्या रीजनपेक्षा जास्त टक्के देईल, पैज लावा.

रूळावरचा_वाटसरू
यावर कोकण रेल्वेचं उदाहरण मला नेहमी आठवतं. पावसाळ्याचं वेगळं टाइमटेबल असतं, गाड्या ठरवूनच हळू चालवतात, दरडी पडणाऱ्या ठिकाणी माणसं गस्तीला, पानवलसारख्या उंच पुलांवर वाऱ्याचा वेग मोजायची यंत्रं, वारा ठराविक आकड्याच्या वर गेला की गाडी थांबवायची. म्हणजे "चालू" आणि "बंद" यांच्या मध्ये एक "हळू चालू" आहे आणि ते आधीच ठरवून छापलेलं आहे, पाऊस पडायला लागल्यावर मीटिंग घेत नाहीत.

सॉफ्टवेअरवाले हा मधला डबा विसरतात. नेट नसताना पावती निघेल पण मागची बाकी दिसणार नाही, हे आधी ठरवा आणि स्क्रीनवर तसं लिहून दाखवा.

साधा_सरळ (पनवेल)
हे ऑफलाईन वगैरे नंतर घालता येतं हो. फीचरच आहे ते एक.

पिग्मीचा_पोरगा (लांजा)
नाही घालता येत नंतर. साधा_सरळ काका, हात जोडून सांगतो, मी हे भोगलंय. मोठा प्रतिसाद होईल, चहा घेऊन बसा.

एका पतसंस्थेचं पिग्मीचं सॉफ्टवेअर. एजंट गावोगाव फिरून रोजचे पन्नास-शंभर गोळा करतो, मशीनवर नोंद, ग्राहकाला पावती. डिझाईनच्या वेळी कोणी विचारलंच नाही की रेंज नसेल तर काय, सगळे ऑफिसात वायफायवर बसून टेस्ट करत होते. पावती नंबर सर्व्हर द्यायचा, एक दोन तीन चार ओळीने, ऑडिटरला आवडतं म्हणून. पहिल्याच आठवड्यात एजंट वाडीत उतरला की मशीन गोल गोल फिरत बसायचं. ग्राहक म्हातारी आजी, पन्नासची नोट हातात धरून उभी, पावतीशिवाय देणार नाही आणि बरोबरच आहे तिचं.

मग वरून आदेश, ऑफलाईन करा. झालं, नंबर कुठून आणायचा? मशीनने स्वतः द्यायचा तर दोन एजंटांचे नंबर एकच येणार. म्हणून प्रत्येक मशीनला अक्षर दिलं. तर खातेवहीत नंबरचा कॉलम फक्त आकडे घेणारा. तो बदलला तर रिपोर्ट तुटले. रिपोर्ट दुरुस्त केले तर ऑडिटर म्हणाले नंबर ओळीने नाहीत, मधले गाळलेले कुठायत. आणि सगळ्यात भारी म्हणजे एजंटला वाटायचं गेलं नाही, तो बटण परत दाबायचा, परत दाबायचा, आणि घाटमाथ्यावर रेंज आली की एकाच आजीचे पन्नास तीनदा जमा. आजीने काही तक्रार केली नाही, तिचं खातं फुगत होतं. पकडलं आमच्या कॅशियर मॅडमनी, रोकड जुळेना म्हणून.

चार महिने गेले त्यात. पहिल्या दिवशी कोणी एक प्रश्न विचारला असता, "एजंट उभा असेल तिथे नेट असेल का", तर मशीनचं अक्षर अधिक नंबर आणि प्रत्येक नोंदीला मशीनवरच कायमची एक खूण, म्हणजे तीच नोंद तीनदा आली तरी एकदाच धरायची, हे दोन दिवसांचं काम होतं. सर्व्हर नंतर वाढवता येतो, रेप्लिका नंतर लावता येते, हे मान्य. पण नंबर कोण देणार आणि खरी नोंद कुठली धरायची हे नंतर बदलायला गेलं की घराच्या जोत्यालाच हात घालावा लागतो.

साधा_सरळ (पनवेल)
बरं बाबा. नंबरांच्या बाबतीत शब्द मागे घेतो. दोन रीजनच्या बाबतीत नाही.

ओसरीवरून (कुडाळ)
मला हेच लिहायचं होतं, याने जास्त चांगलं लिहिलं. फक्त एक भर, पावती ऑफलाईन चालेल म्हणून सगळंच ऑफलाईन करू नका. पैसे खात्यात पाठवणं हे नेट असतानाच, एकाच ठिकाणाहून. दोन केंद्रांनी एकाच बागायतदाराचे पैसे सोडले तर परत मागायला कोण जाणार? तिथे बंद पडलेलं बरं, चुकीचं चाललेलं नको.

गणिताचा_मास्तर (चिपळूण)
अजून एक हिशोब राहिला. सिस्टीम एकटी नसते. लॉगिनला ओटीपी म्हणजे एसएमएसवाला आला, पैशाला पेमेंट गेटवे, मग होस्टिंग, डेटाबेस, केंद्रावरचं नेट. पाच गोष्टी एकामागे एक, प्रत्येक ९९.९, तर गुणाकार करून ९९.५ उरतात, म्हणजे वर्षाला ४३ तासांच्या वर. तुमचा कोड एकदाही न चुकता. आणि केंद्रावरचं नेट काही ९९.९ नाही हे आपण सगळे जाणतो. म्हणून अध्यक्षांना आकडा कबूल करण्याआधी साखळी कागदावर काढा. जी कडी काढता येईल ती काढा. काट्यावरच्या माणसाला रोज ओटीपी कशाला? चार आकडी पिन द्या.

घाटी_जावई (कोल्हापूर)
पर्यायी व्यवस्था म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ठेवा की. आमचा गुळाचा अर्धा धंदा त्यावरच आहे.

रूळावरचा_वाटसरू
४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम सहाएक तास गेली होती ती आठवते का? वाशिष्ठीकाठ यांचा खांब तो हाच.

तसंच बिघाड कळवणारी यंत्रणा सिस्टीमच्या पोटात ठेवू नका. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनचं एस-थ्री (फाईली साठवायची क्लाऊड सेवा) पडलं तेव्हा त्यांचं कुठली सेवा चालू-बंद ते दाखवणारं स्टेटस पानही त्याच्यावरच अवलंबून होतं, त्यामुळे बराच वेळ तिथे सगळं हिरवंगार दिसत होतं.

भाट्याचा_वारा
म्हणजे घरातला माणूस दार बंद करून आतून ओरडतोय "मी ठीक आहे".

कातळावरचा (रत्नागिरी)
मंडळी, चार दिवस गायब होतो कारण ओसरीवरून यांचं ऐकून खरंच केंद्रांवर जाऊन बसलो. जे हाती लागलं ते लिहितो.

पावसजवळच्या केंद्रावर दिवसभर होतो. सीझनमध्ये सकाळी जवळपास कोणीच नसतं म्हणे. खरी धांदल दुपारी ३ ते संध्याकाळी ७, कारण गाडी साडेसातला सुटते. त्या चार तासांत वजन-पावती बंद पडली तर रांग लागते आणि गाडी चुकली तर माल एक दिवस शिळा, प्रतवारी उतरते, भाव उतरतो. म्हणजे माझ्या '२४ तास' मधले मार्च ते मे अखेर रोजचे चार तासच खरे आहेत. तिथे पाच मिनिटं चालतील, पंधरा नाही. हे काट्यावरच्या दादांनी सांगितलं, "पाच मिन्टा लोक तंबाखू मळतात, मग शिव्या."

पैशांचं काम आठवड्यातून एकदा, एक दिवस इकडेतिकडे चालतं. रिपोर्ट दोन दिवस बंद असले तरी कोणाला कळणारही नाही, खुद्द अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले ते मी रविवारी बघतो. देखभालीसाठी अख्खा पावसाळा मोकळा, जून-जुलैत मासेमारी बंदीत होड्या वर काढून डागडुजी करतात तसं आपलं मोठं काम तेव्हाच.

नेट पाचपैकी दोन केंद्रांवर जवळजवळ नाहीच. तेव्हा ठरलं ते असं: पावती टॅब्लेटवरच बनणार, केंद्राचं अक्षर अधिक नंबर, नोंदीची खूण तिथेच, नेट आलं की वर जाणार. पैसे फक्त मुख्य ऑफिसातून. सर्व्हर एकच, साधा_सरळ काका खूश व्हा, बॅकअप दुसऱ्या शहरात. प्रत्येक केंद्रात एक जास्तीचा टॅब्लेट, प्रिंटर आणि बॅटरी. टॅब्लेट दिवसभराच्या नोंदींसकट फुटला तर काय, याला पावतीची कार्बन नसली तरी दुसरी प्रत प्रिंटरमधून काढून खिळ्याला लावायची, हे दादांनीच सुचवलं. सीनियरला फोन करून सांगितलं, तो म्हणाला मजा नाही यात काही.

जुना_पाणकोळी (हर्णे)
छान. वजनकाटे किती आहेत एका केंद्रावर?

कातळावरचा (रत्नागिरी)
एक. इलेक्ट्रॉनिक.

जुना_पाणकोळी (हर्णे)
आणि तो बिघडला तर?

कातळावरचा (रत्नागिरी)
...

उद्या परत जातो.

कातळावरचा (रत्नागिरी)
गेलो होतो. दादांनी हसत मागच्या खोलीतून गोणपाटाखालचा जुना पारड्यांचा काटा दाखवला, वजनांसकट. वेळच्या वेळी शिक्का मारून आणतात म्हणे. "सायेब, ह्यो कधी हँग होत नाय." आता माझ्या स्क्रीनवर वजन हाताने टाकायची सोय नाहीये, ते काट्याकडून आपोआप येतं. आज रात्री तो रकाना घालतो.

माडाखालचो (मालवण)
घाला, घाला. आणि पयली पेटी देवगडची मागवा.